धायटीच्या फुलांचा पाक : पाच खेपांच्या नोंदी

आमच्या स्वयंसाहाय्य गटातील आम्ही सहा जणी दरवर्षी उन्हाळ्यात कोकमचे आगळ (मीठ घातलेला रस) आणि सोलां (वाळवलेली साले) करतो. कोकम एप्रिल-मेशिवाय पिकत नाही, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये गावात पाहुण्यांची वर्दळ असताना आमच्याकडे विकायला किंवा पाजायला काहीच नसते. नेमक्या याच दोन महिन्यांत सड्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या माळाच्या, उतारावर धायटी फुललेली असते. तिच्या फुलांचा गोड पाक करून बाटलीत भरता येईल का, हे मी या वर्षी करून पाहिले. गोव्याच्या डिचोली तालुक्यातील आमच्या गावात ही झुडपे भरपूर आहेत, पण त्यांच्या फुलांचा पाक करून ठेवणारे कोणी मला भेटले नाही. म्हणून झालेल्या चुकांसकट या नोंदी लिहून ठेवत आहे.

१६ फेब्रुवारी २०२५, रविवार. फुले काढणे

सकाळी साडेसातला आम्ही दोघी सड्यावर गेलो. ज्यांनी धायटी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी ओळख सांगते. झुडूप कमरेपासून डोक्यापर्यंत उंच असते आणि त्याच्या फांद्या कमानीसारख्या वाकलेल्या असतात. पाने समोरासमोर येतात, भाल्याच्या पात्यासारखी लांबट असतात आणि पान उलटे करून पाहिले तर खालच्या बाजूस बारीक काळे ठिपके दिसतात. या दिवसांत बरीचशी पाने गळलेली असतात आणि उघड्या फांदीला चिकटून तांबड्या फुलांचे झुबके येतात. आपण ज्याला फूल म्हणतो ती खरे तर सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर लांबीची, किंचित वाकडी लाल नळी असते. ती फुलाच्या बाहेरच्या आवरणाची असून तिच्या तोंडातून केसर बाहेर डोकावतात. मध नळीच्या तळाशी असतो. फूल खुडून मागचे टोक चोखले की तो जिभेला लागतो.

अभयारण्याच्या हद्दीतून फुले आणायची नाहीत हे आम्ही आधीच ठरवले होते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार तिथून परवानगीशिवाय वनस्पतीचा कोणताही भाग काढता येत नाही. त्यामुळे गावच्या सड्यावरची आणि मालकाला विचारून काजूच्या बागेच्या कडेची झुडपे निवडली. एका झुडपावरची तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त फुले घेतली नाहीत, कारण शिंजीर पक्षी आणि मधमाश्या सकाळपासून त्याच झुडपांवर होत्या आणि आमच्यापेक्षा त्यांचा हक्क जुना आहे.

दोन तासांत दोघींची मिळून केवळ १८० ग्रॅम फुले झाली. वजन नाक्यावरच्या दुकानदाराच्या काट्यावर केले. फुले इतकी हलकी असतात की परडी भरून वाहते आणि काटा हलतच नाही. वेळेचा हा हिशोब मी मुळीच धरला नव्हता.

१७ फेब्रुवारी. पहिली खेप : शाई

पहिली चूक फुले धुताना झाली. रस्त्याकडेच्या दोन झुडपांवर खनिजाच्या ट्रकांची तांबडी धूळ बसलेली होती आणि ती निघावी म्हणून मी सगळी फुले नळाखाली चाळणीत धरून चांगली पाच मिनिटे धुतली. धूळ गेली आणि तिच्याबरोबर मधही गेला. रस्त्याकडेची फुले घ्यायचीच नाहीत, हा त्यावरचा खरा उपाय आहे.

दुसरी चूक मोठी होती. घरात मोठे भांडे म्हणून लोखंडी कढई होती. तिच्यात एक लिटर पाणी, फुले आणि अर्धा किलो साखर घालून पंचवीस मिनिटे उकळले. दहाव्या मिनिटाला पाणी जांभळट झाले आणि विसाव्या मिनिटाला ते मुलांच्या दौतीत भरावे इतके काळे दिसू लागले. चव घेतली तर कच्च्या सुपारीसारखी तुरट, जीभ टाळूला चिकटवणारी.

कारण शोधायला फार लांब जावे लागले नाही. धायटीच्या फुलांत तुरट द्रव्य, म्हणजे टॅनिन, भरपूर असते आणि टॅनिन लोखंडाशी संयोग पावले की काळा रंग तयार होतो. जुन्या काळी हिरडा आणि हिराकस यांची शाई याच न्यायाने करीत असत. खात्री करण्यासाठी स्टीलच्या पेल्यात चार-पाच फुले गरम पाण्यात घातली आणि त्यातले अर्धे पाणी दुसऱ्या पेल्यात ओतून त्यात दोन गंजके खिळे टाकले. अर्ध्या तासात एका पेल्यात तांबूस पाणी आणि दुसऱ्यात शाई, असे दोन्ही शेजारी ठेवून सासूबाईंना दाखवले. लोखंडी कढई, बिडाचे भांडे आणि गंजलेली चाळणी यांपैकी काहीही या कामात वापरू नये.

खेप टाकून दिली. अर्धा किलो साखर आणि पूर्ण दिवस गेला.

२३ फेब्रुवारी. दुसरी खेप

या वेळी चौघी गेलो, सड्याच्या आतल्या बाजूची फुले घेतली आणि अडीच तासांत २५० ग्रॅम जमवली. घरी आल्यावर पांढऱ्या धोतरावर सावलीत तासभर पसरून ठेवली. मुंग्या, लहान कोळी आणि दोन हुमले (तांबडे मुंगळे) आपणहून बाहेर पडले. त्यानंतर फुले पाण्यात एकदाच बुडवून लगेच काढली. धोतरावर पडलेले तांबडे डाग दोन धुण्यांनंतरही तसेच आहेत. ही फुले कापड रंगवायला वापरत असत, हे मला माहीत असूनही सुचले नाही. जुने फडके घ्यावे.

उकळल्याने तुरटपणा पाण्यात उतरतो असे पहिल्या खेपेवरून वाटल्यामुळे या वेळी उलट टोक गाठले. फुले एक लिटर गार पाण्यात रात्रभर भिजत ठेवली, सकाळी मलमलच्या कापडातून गाळली आणि थेंबही वाया जाऊ नये म्हणून पुरचुंडी करकचून पिळली. पाच वाट्या अर्क निघाला. त्यात पाच वाट्या साखर घातली, रंग जाऊ नये म्हणून केवळ कोमट करून विरघळवली आणि धुऊन उन्हात वाळवलेल्या तीन जुन्या बाटल्यांत भरली. पिळल्यामुळे अर्क गढूळ आणि अजूनही तुरट होता, पण रंग सुरेख होता आणि वास मधाचा होता. त्या दिवशी मी फार समाधानात होते.

२ मार्च

तिन्ही बाटल्यांच्या मानेशी बुडबुड्यांची बारीक माळ दिसते आहे. बाटली हलवली की फेस येतो.

३ मार्च, रात्री सव्वा दोन

फडताळात आवाज झाला. एका बाटलीचे बूच उडून वरच्या फळीवर आपटले होते, पाक भिंतीवरून खाली ओघळला होता आणि सकाळपर्यंत मुंग्यांची रांग दारापर्यंत गेली होती. उरलेल्या दोन बाटल्यांची बुचे मी अंगणात नेऊन, बाटलीवर जाड फडके टाकून, चेहरा लांब ठेवून सैल केली. काचेची बाटली फुटली असती तर प्रकरण मुंग्यांवर थांबले नसते, हे इतरांनी ध्यानात ठेवावे. शेजारच्या काकी सकाळी दूध घेऊन आल्या आणि उंबऱ्यावरूनच म्हणाल्या, “बाये, हें आंबलां मगे! हुर्राकाचो वास येता.” हुर्राक म्हणजे काजूच्या बोंडांच्या रसाची दारू, आणि काजूचा हंगाम नुकताच सुरू झालेला असल्यामुळे त्या वासाच्या बाबतीत गावात कोणाची चूक होत नाही.

माझ्या ओळखीच्या एका वैद्यांना विचारले तेव्हा ते हसले. दशमूलारिष्ट, अशोकारिष्ट अशा अरिष्टांमध्ये धातकीपुष्प घालतात आणि ही धातकी म्हणजेच आपली धायटी. काढा आणि गूळ यांचे मिश्रण आंबावे यासाठीच ती घातली जाते, कारण फुलांवर आणि त्यांच्या मधावर किण्व, म्हणजे यीस्ट, वस्तीला असते. म्हणजे जे फूल शतकानुशतके विरजणाचे काम करीत आले आहे, त्याला मी रात्रभर पाण्यात ठेवून, वर साखर घालून, बूच लावले होते.

नंतर लक्षात आले की साखरेचे मापही चुकलेले होते. दुकानदाराच्या काट्यावर तीच वाटी दोनदा तोलून पाहिली : वाटीभर पाणी २०० ग्रॅम भरले आणि वाटीभर साखर १७० ग्रॅम. म्हणजे “समान” म्हणून घातलेली साखर एकूण वजनाच्या जेमतेम ४६ टक्के होती. एवढ्या साखरेत किण्व मरत नाही, ते मजेत राहते. पाक टिकण्यासाठी साखरेचे प्रमाण वजनाने ६५ टक्क्यांच्या आसपास लागते. तुरटपणा, आंबणे आणि साखर या तीन गोष्टी वेगवेगळ्या सांभाळाव्या लागतील, असे त्या दिवशी वहीत लिहिले.

४ मार्च. तीन पेल्यांची चाचणी

घरामागच्या एकाच झुडपाची फुले घेऊन तीन स्टीलच्या पेल्यांत सारखी वाटली. पाण्याला खळखळून उकळी आणली, गॅस बंद करून सात-आठ मिनिटे थांबले आणि मग ते तिन्ही पेल्यांत ओतून झाकण ठेवले. पहिला पेला २० मिनिटांनी, दुसरा ४० मिनिटांनी आणि तिसरा तीन तासांनी गाळला, आणि एकाही पेल्यातील फुले पिळली नाहीत. कोणता पेला कोणता हे न सांगता घरातल्या चौघांना चव दिली.

पहिल्यात रंग होता, वास जवळजवळ नव्हता. तिसऱ्याने यजमानांचे तोंड असे झाले की विचारावे लागले नाही. दुसरा सर्वांना आवडला, सासूबाईंनी मात्र “मध घातलेला कोरा चहा” असे त्याचे वर्णन केले आणि ते बरोबर आहे. ज्यांना गुलाबासारखा किंवा केवड्यासारखा भरगच्च सुगंध हवा आहे त्यांनी धायटीच्या वाटेला जाऊ नये. हिचा वास सौम्य असतो आणि घोट गिळल्यानंतर मागून येतो.

६ मार्च. तिसरी खेप

२२० ग्रॅम फुले, एक लिटर पाणी, ४० मिनिटे, न पिळता गाळणे, इथपर्यंत सर्व चाचणीप्रमाणे केले. त्यानंतर पूर्वीच्या धास्तीने मी अतिरेक केला. आंबू नये म्हणून ७५० ग्रॅम साखर घालून पाक स्टीलच्या पातेल्यात आटवत राहिले, बोटांमध्ये स्पष्ट एक तार येईपर्यंत. घरात लाडूंचा पाक मी वीस वर्षे करीत आहे, त्यामुळे तार ओळखण्यात माझी चूक होत नाही. पण लाडूंचा पाक बाटलीत ठेवायचा नसतो, ही गोष्ट त्या क्षणी सुचली नाही.

आटवताना लाल रंग विझत गेला आणि शेवटी विटकरी झाला. दोन बाटल्या भरल्या.

१५ मार्च

शिगमोत्सवातील घोडेमोडणीचा नाच पाहायला आलेल्या नणंदेला सरबत द्यावे म्हणून बाटली काढली तर तळाशी बोटभर जाडीची खडीसाखर बसलेली. बाटली उलटी केली तरी ती जागची हलली नाही, आणि वरचा पाक आत अडकून पडला. नणंदेने नम्रपणे चहा चालेल असे सांगितले.

साध्या तापमानाला पाण्यात वजनाच्या दुप्पट साखर विरघळू शकते, म्हणजे सुमारे ६७ टक्के. एकतारी पाकात प्रमाण त्याहून बरेच वर गेलेले असते. गरम असेपर्यंत ती साखर पाकात राहते आणि गार झाल्यावर सवडीने खडे बांधू लागते. थोडक्यात, ६५ टक्क्यांच्या खाली फार गेले तर आंबते आणि ६७ च्या वर गेले तर गोठते, आणि एवढ्या चिंचोळ्या जागेत बोटांच्या तारेवर भरवसा ठेवता येत नाही.

१६ मार्च

एक बाटली वितळवण्यासाठी उकळत्या पाण्यात उभी केली आणि तिचा तळ तडकला. गार काच थेट उकळत्या पाण्यात ठेवू नये हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. अर्धी खेप गेली. दुसऱ्या बाटलीला हात लावला नाही. आधी वजनकाटा आणायचा, मग पुढचे काम, असे ठरवले.

२१ मार्च, शुक्रवार

म्हापशाच्या बाजारात गेले. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा ४८० रुपयांना घेतला, २०० मिलिलिटरच्या आठ नव्या काचेच्या बाटल्या १८ रुपये नगाप्रमाणे, नवे मलमल ६० रुपये आणि लिंबूसत्वाचे पाकीट २० रुपये. लिंबू आठ रुपयाला एक झाले आहे. बाटल्या मुद्दाम लहान घेतल्या, कारण उघडलेली बाटली चार-पाच दिवसांत संपावी.

२२ मार्च. आधी दुरुस्ती, मग चौथी खेप

पहाटे तिसऱ्या खेपेची उरलेली बाटली गार पाण्याच्या पातेल्यात तळाशी फडके घालून ठेवली आणि पाणी मंद आचेवर हळूहळू तापवले. पाऊण तासाने खडे वितळले. पाक पातेल्यात काढून तोलला तेव्हा तो ५१३ ग्रॅम भरला. दोन्ही बाटल्या सारख्याच भरलेल्या असल्यामुळे यात साखर ७५० च्या निम्मी, म्हणजे ३७५ ग्रॅम. ३७५ ला ०.६५ ने भागले की ५७७ येतात, म्हणजे ६४ ग्रॅम पाण्याची भर हवी. पाण्याऐवजी दोन लिंबांचा गाळलेला रस घातला आणि डोळ्यांसमोर विटकरी पाक पुन्हा लाल झाला. पहिल्या चमच्याला कडेने, मग ढवळताना सगळीकडे. आंबटपणाने या फुलांचा रंग उजळतो, हे मला महिन्याभरापूर्वी कळले असते तर बरे झाले असते. शिवाय आंबट पाक तापला की साखरेचा काही भाग फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतो आणि खडे बसण्याची खोड कमी होते.

मग नवी खेप. फुलांचा बहर आता ओसरत चालला आहे. झुबक्यांतली कितीतरी फुले रंगाने लाल दिसतात, पण आत बोंड धरलेले असते, कारण फळ धरल्यानंतरही लाल नळी गळून पडत नाही. नळी दाबली की बोंड बोटाला लागते. अशी फुले वगळल्यामुळे २६० ग्रॅमसाठी तिघींना तीन तास लागले.

रीत अशी केली. उकळून सात-आठ मिनिटे थांबलेल्या एक लिटर पाण्यात फुले आणि दोन लिंबांचा रस घातला, ४० मिनिटांनी मलमलमधून गाळले आणि पुरचुंडी हाताने न दाबता टांगून ठेवली. अर्क ७२० ग्रॅम मिळाला. अर्काच्या वजनाला १.८६ ने गुणले की ६५ टक्क्यांसाठी लागणारी साखर मिळते, त्याप्रमाणे १,३४० ग्रॅम साखर आणि ६ ग्रॅम लिंबूसत्व घातले. साखर आधीच मोजून घातलेली असल्यामुळे आटवण्याची गरजच राहत नाही. मंद आचेवर विरघळवून पूर्ण उकळी येऊ दिली, दोन मिनिटे उकळत ठेवले आणि वरचा फेस काढून टाकला. यात किण्व मरते आणि रंग मात्र राहतो. पातेल्याचे वजन आधीच, ६४० ग्रॅम, लिहून ठेवले होते. पातेल्यासकट तोलल्यावर वाफेत ३५ ग्रॅम पाणी गेल्याचे दिसले, तेवढे उकळते पाणी परत घालून एकूण पाक २,०६० ग्रॅमवर आणला.

बाटल्या आणि झाकणे शेजारच्या पातेल्यात गार पाण्यापासून सुरुवात करून दहा मिनिटे उकळत ठेवलेली होती. गरम बाटलीत गरम पाक गळ्यापर्यंत भरला, झाकण घट्ट केले आणि झाकणाच्या आतल्या बाजूलाही गरम पाक लागावा म्हणून प्रत्येक बाटली पाच मिनिटे आडवी ठेवली. सात बाटल्या पूर्ण भरल्या आणि आठवी पाऊण. या आठव्या बाटलीचे पुढे काय झाले ते मे महिन्याच्या नोंदीत आहे.

संध्याकाळी गार झालेला थोडा पाक १०० मिलिलिटरच्या औषधाच्या मापात भरून तोलला. मापाचे वजन वजा जाता १३१ ग्रॅम भरले. ६५ टक्क्यांच्या पाकाचे वजन एवढेच असायला हवे, त्यामुळे हजार-बाराशे रुपयांचे साखरमापक यंत्र घेण्याचा विचार तिथेच सोडला. ही तपासणी पाक पूर्ण गार झाल्यावरच करावी, कारण गरम पाक फुगलेला असतो आणि हलका भरतो.

२९ मार्च. पाचवी खेप : वाळलेली फुले

हंगामाबाहेर करता येईल का हे पाहण्यासाठी काष्ठौषधींच्या दुकानातून वाळलेली धायटी आणली. ती किती जुनी होती ते दुकानदारालाही सांगता आले नाही. पुडीत काड्या आणि बोंडेच अधिक. ४०० ग्रॅम साखरेची लहान खेप केली. रंग तपकिरी, वास गवताचा आणि २० मिनिटांतच तुरट. एका वाक्यात सांगायचे तर औषधासाठी ठीक, सरबतासाठी नाही. यासाठी घेतलेल्या पुडीचे पैसे वैद्यांना ती पुडी देऊन वसूल केले.

३० मार्च, गुढीपाडवा

चौथ्या खेपेची पहिली बाटली उघडली. एक भाग पाक, पाच भाग गार पाणी आणि चिमूटभर मीठ हे प्रमाण सर्वांना पटले. पाण्यात घातल्यावर रंग फिकट डाळिंबी होतो. (मेंदी, डाळिंब आणि धायटी ही तिन्ही एकाच कुळातील आहेत, हे धाकट्या मुलीने पुस्तकात पाहून सांगितले.) पुतण्याने तो गार दुधात घालून पाहिला आणि दूध फाटले, ते लिंबामुळे फाटणारच होते.

गटातल्या एका बाईंना औषधे चालू असल्यामुळे त्यांना वैद्यांना विचारूनच घ्या असे सांगितले. हे फूल औषधी आहे आणि विकताना बाटलीवर तसे लिहावे लागेल. बाकीच्यांनीही पहिल्या दिवशी अर्धा पेलाच घेतला.

खर्च जुळवून पाहिला. पाच खेपांत ३ किलो ८४० ग्रॅम साखर, ४६ रुपये दराने १७७ रुपये, पाच लिंबांचे ४०, आणि बाजारातली खरेदी धरून गॅस वगळता ९२१ रुपये झाले. काटा पुढेही वापरात राहणार आहे. फक्त चौथीच खेप पुन्हा केली तर साखर, लिंबे आणि आठ बाटल्या मिळून साधारण २२० रुपये लागतील, म्हणजे बाटलीमागे २८ रुपये. यात फुले काढण्याचे तीन बायकांचे नऊ तास धरलेले नाहीत आणि ते धरले तर ही बाटली कोकम सरबताच्या भावात विकता येणार नाही. गटात या मुद्द्यावर बराच वेळ चर्चा झाली आणि निर्णय झाला नाही.

२७ एप्रिल

चार बाटल्या शिल्लक, त्यांतली एक पाऊण भरलेली. बुडबुडे नाहीत, खडे नाहीत. खिडकीशी राहिलेल्या एका बाटलीचा रंग मात्र उतरून नारिंगी झाला आहे, फडताळाच्या अंधारातल्या बाटल्या अजून लाल आहेत. सर्व बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळले.

२९ मे

या वर्षी पाऊस मे महिन्यातच सुरू झाला आणि आठवडाभर घरात काहीच वाळत नाही. पाऊण भरलेल्या आठव्या बाटलीत पाकावर नाण्याएवढी राखाडी बुरशी दिसली. ती बाटली मी सर्वांत शेवटी घाईत भरली होती आणि आडवीही ठेवली नव्हती. रिकाम्या जागेतील वाफेचे पाणी झाकणाला जमून थेंब-थेंब खाली पडते, तेवढाच वरचा थर पातळ होतो आणि पातळ थरावर बुरशी धरते. बुरशी चमच्याने काढून खालचा पाक वापरावा असे सासूबाईंचे मत होते. मी पूर्ण बाटली ओतून दिली. यापुढे शेवटची अर्धवट बाटली भरायचीच नाही, उरलेला पाक त्याच दिवशी पिऊन संपवायचा.

२२ जून

शेवटच्या तीन बाटल्यांपैकी एक उघडली. तीन महिने झाले. झाकण काढताना आवाज झाला नाही, वास स्वच्छ आहे, तळाशी साखरेचा नव्हे तर गाळाचा कागदाइतका पातळ थर आहे, तो दोन पदरी मलमलमधून गाळल्यास पुढच्या वर्षी राहणार नाही. उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवली आहे आणि काकींना अर्धा पेला पाठवला. पेला धुऊन परत आला, सोबत निरोप होता की या खेपेला हुर्राकाचा वास नाही, त्यामुळे त्यांच्या यजमानांनी दुसरा पेला मागितला नाही.

उरलेल्या दोन बाटल्यांवर तारीख लिहून त्या चतुर्थीसाठी राखून ठेवल्या आहेत.